खर्रा आणि कोंबडीखालची चाबी

काल वरोऱ्याच्या बसमध्ये शेजारच्या माणसानं प्लास्टिकच्या पन्नीत खर्रा घोटायला घेतला आणि तो सुपारी-तंबाखू-चुन्याचा वास नाकात शिरला. आलापल्लीचा कॉम्प्युटर क्लास आठवला. मी नववीत होते. क्लासवाल्या भाऊंच्या गालात कायम खर्रा असायचा, आणि त्यांच्या बोटांनी माऊस इतका चिकट झालेला की मी तो रुमालात धरायचे. किळस यायची. तरी मी आणि मैत्रीण सुनंदा रोज जायचो, कारण तिथं एक खेळ होता. म्हातारीच्या घराची हरवलेली चाबी शोधायची. बादलीवर क्लिक केलं की बेडूक शिंकायचा, मडक्यावर केलं की मडकं रुसायचं. घरी कशाला हात लावला की ओरडा बसे. इथं चुकलं की हसायला मिळे.

बरेच दिवस शोधून एकदा आम्ही चुलीपाशी पोचलो. मागून भाऊ "उं, उं" करत बोट नाचवू लागले. तोंड भरलेलं, बोलता येईना.

"सांगू नका जी भाऊ!" सुनंदा कळवळली. "आमचं आमी शोधून राह्यलो ना!"

भाऊ खिडकीतून पचकन थुंकले. लाल धार गजावरून ओघळली. "पोरीहो, कोंबडीले उचला! तिच्याखाली हाय चाबी!"

चाबी मिळाली. त्या खेळाला आम्ही पुन्हा हात लावला नाही.

काल बसमध्ये मी फोनवर तसलाच खेळ खेळत होते. जरा विचारात थांबले, तर न मागताच एक बाण लुकलुकला, 'इथे बघा'. शेजारचा अजून थुंकला नव्हता, तरी माझ्या पडद्यावर पिंक पडली होती.