रापणीतला सायलीचा वाटा

परीक्षेचा शेवटचा पेपर झाला त्या संध्याकाळी सायलीने खोलीत जाहीर केलं, "चार दिवस घरी चाललेय. तुम्हीही चला. मला एकटीला जायचं नाहीये."

सायली मालवणची, म्हणजे मालवणपासून थोडं पुढच्या एका गावाची. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढच्या रविवारी तिथे रील काढणाऱ्यांची जत्रा भरायला नको. स्वतःच्या घरी जायला हिला सोबत कशाला लागते, हे मला कळेना. पण मी बार्शीची. समुद्र एकदाच पाहिलेला, तोही शाळेच्या सहलीत, बाईंच्या शिट्टीच्या धाकात. मी बॅग भरायला घेतली.

तिसरी मृण्मयी, पुण्याची. आम्ही तिघी कोल्हापुरात पर्यावरणशास्त्राच्या एम.एस्सी.ला आणि एकाच हॉस्टेलवर. आमच्या मजल्यावर सायलीचा दरारा आहे. मेसमध्ये ताटात भात टाकला की ती बोलत काही नाही, नुसती बघते, आणि माणूस गुपचूप भात संपवतो. जुन्या ओढण्यांच्या पिशव्या शिवायला तिनेच सगळ्यांना बसवलं. मृण्मयी तिची पट्टशिष्या आणि गुरूपेक्षा दुप्पट कडक. तिने फर्मान काढलं की या प्रवासात वेष्टनातलं काहीही विकत घ्यायचं नाही. वेफर्स नाही, बिस्किटं नाही, बाटलीचं पाणी नाही. मी म्हटलं, "मग मी नाही येत जा." आणि अर्थातच गेले.

कोल्हापूर स्टँडवरून सकाळची एसटी पकडली. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे गाडी भाड्याने करायचा विषयच नव्हता. रस्ता गगनबावड्यावरून घाट उतरून वैभववाडी, तळेरे, मग हायवेने कणकवली, कसाल आणि मालवण. घाटाचं काम चालू असलं की गाड्या फोंड्याने वळवतात, तेव्हा निघण्याआधी चौकशी खिडकीवर विचारून घ्या. आम्ही विचारलं नव्हतं, पण नशीब बरं होतं.

गगनबावड्यापर्यंत मला भुकेने काही सुचेना. उकडलेल्या शेंगा मिळाल्या म्हणून निभावलं. तळेऱ्याला गाडी थांबली तेव्हा मृण्मयी आपला स्टीलचा डबा घेऊन वडेवाल्यापुढे उभी राहिली. "वडे यात द्या, कागद नको." त्याने डबा उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "डोहाळे लागलेत काय कोणाक?" आम्ही हसून हसून बेजार. वडे मात्र फर्मास होते, आणि डब्यात जागा आहे म्हणून त्याने चटणी सढळ हाताने घातली.

पोट भरल्यावर मी सायलीला छेडलं. घरी जायचं म्हणून हिचा चेहरा असा का उतरलाय? तिने खिडकीकडे तोंड करून सांगितलं. तिचे बाबा रापण लावतात. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. वाडीतली माणसं मिळून ते ओढतात आणि आलेले मासे वाटून घेतात. त्यात मोरीची पिल्लं येतात. मोरी म्हणजे छोटा शार्क. तो उशिरा वयात येतो आणि पिल्लंही थोडीच घालतो. वीत-दीड वीत लांबीचीच पिल्लं मारत राहिलं तर पुढे मोरी उरायचीच नाही.

"मी मोरी खायचं सोडलंय. घरी अजून सांगितलेलं नाही," सायली म्हणाली. "या खेपेला बाबांना सांगणार आहे, पिल्लं जिवंत असतानाच सोडा म्हणून. रात्री पाण्यावर झोत टाकून मासे ओढणाऱ्या त्या लाइटवाल्या मोठ्या बोटींवर बाबा किती चिडतात माहितीये? सगळा समुद्र खरवडून नेतात म्हणून. आता मीच त्यांना म्हणायचं, तुमच्याही जाळ्याचं चुकतंय. त्यांना वाटेल, पोरीने मला त्या बोटवाल्यांच्या रांगेत नेऊन बसवलं."

अख्ख्या हॉस्टेलला धाक दाखवणारी ही मुलगी तिथे खिडकीशी अगदी एवढीशी दिसत होती. मला तिच्याबद्दल फार माया वाटली.

संध्याकाळी पोचलो. नारळाच्या बागेत कौलारू घर, मागे वाळू आणि लगेच समुद्र. सायलीची आई मालवणच्या बाजारात मासे विकते. "येवा, येवा. दमलात असतलात. पयली चाय घेवा." मृण्मयीने सवयीने आपला स्टीलचा पेला पुढे केला. काकींनी तिच्याकडे पाहिलं. "कित्याक गो? आमचे कप काय कागदाचे आसत?" मृण्मयीने पेला पिशवीत घातला तो चार दिवस बाहेर काढला नाही.

जेवायला मोरीचं कालवण होतं, दुसरं काय असणार! चेडू, म्हणजे लेक, घरी आली की काकी हेच करतात. "कोल्हापुरात सगळा तांबडा-पांढरा. ह्या थंय खंय मिळतला?" असं म्हणत त्यांनी सायलीला दोनदा वाढलं. सायली रस्सा भाताशी कालवून खात राहिली आणि तुकडे ताटाच्या कडेला सारत राहिली. मी मासे न खाणारी, माझ्या ताटात सोलकढी आणि वालीच्या शेंगांची भाजी. सोलकढी मी किती प्यायले ते विचारू नका. काका, म्हणजे सायलीचे बाबा, जेवताना बोलत नाहीत. उठताना एवढंच म्हणाले, "सकाळी रापण आसा. येतलात तर येवा."

दुसऱ्या दिवशी उजाडताना आम्ही वाळूवर. होडीने जाळं अर्धगोल टाकून झालं होतं, दोन टोकांचे दोर किनाऱ्यावर. दोर कमरेशी धरायचा आणि मागे मागे चालत जायचं. सुरुवातीला मजा वाटते. मग तळहात सोलतात आणि पोटऱ्या बोंबलतात. तुम्ही कधी गेलात तर एक करा, लांब उभं राहून फोटो काढण्यापेक्षा विचारून दोराला हात लावा. कोणी नाही म्हणत नाही. आणि ज्याने दोराला हात लावला त्याला वाटा मिळतो, मग तो पाहुणा का असेना.

जाळं वर आलं आणि काठावर नुसती चांदी सळसळली. सायली काकांच्या शेजारीच उभी होती. मी तिला डोळ्यांनी खुणावत होते, बोल, आता बोल. पण आजूबाजूला वाडीतले सगळे, आरडाओरडा, हिच्या तोंडून शब्द फुटेना. तोवर मासे वाळूवर आले. निवडानिवड झाली, वाटे घातले गेले. हे सगळं सावकाश चालतं. आम्हा तिघींना मिळून एक वाटा आला. त्यात बांगडे, तारल्या आणि मोरीची दोन पिल्लं.

मृण्मयीला काय वाटलं देव जाणे. तिने ती पिल्लं उचलली आणि धावत जाऊन पाण्यात सोडली. पुढच्या लाटेने ती परत तिच्या पायाशी आणून टाकली. तिने पुन्हा आत ढकलली, पुन्हा परत. तात्या म्हणून रापणीतले सगळ्यात जुने गृहस्थ आहेत. त्यांनी विचारलं, "मेल्लो मासो दर्याक कित्याक दाखवतंस गो?" सगळे खो खो हसले. मृण्मयी रडकुंडीला आली. काका हसले नाहीत. ते सायलीकडे बघत होते.

दुपारी पडवीत त्यांनी विचारलंच, "ह्या तुमका कोणी शिकवल्यान?"

मग सायली बोलली. तिने अजिबात भाषण केलं नाही, हे मला आवडलं. "बाबा, आमीच ठरवलंव. जाळा पाण्यात आसतानाच पिल्लां सोडली तर? तेवा ती जिती आसतत."

काका म्हणाले, "त्या लायटीवाल्यांच्या नावान आमी वर्सभर बोंब मारतंव. म्हंजे तुजो बापूस नि ते एकच?"

"तसा नाय ओ बाबा."

"मगे कसा?"

खरं सांगते, मला दोन्ही बाजू पटत होत्या. त्या माणसाचं जाळं किती आणि बोटींचं किती. पण पिल्लू कुणाच्याही जाळ्यात मेलं तरी मेलंच ना. काका उठून जाळं शिवायला निघून गेले आणि रात्री जेवायला सगळ्यांच्या मागून बसले.

तिसरा दिवस आधीच ठरल्याप्रमाणे धामापूरचा. मालवणहून कुडाळच्या रस्त्याला चौके गाव सोडलं की थोड्याच वेळात धामापूर येतं. एसटी आहे, पण परतीची वेळ कंडक्टरला विचारून ठेवा, नाहीतर आमच्यासारखं ताटकळत बसावं लागेल. भगवतीच्या देवळाच्या पायऱ्या थेट तळ्यात उतरतात, भोवती गच्च झाडी. एवढं देखणं ठिकाण आणि आमच्यातलं कोणी धड बोलेना. मृण्मयी स्वतःला दोष देत होती. सायली पायरीवर बसून म्हणाली, "मी बोलायलाच नको होतं. वर्षातून दोनदा घरी येते मी. तेही असं करायचं का?" मी म्हटलं, "मेसमध्ये भात टाकला की बघतेस तशी बाबांकडे बघ फक्त, विरघळतील." ती हसली नाही. माझे विनोद असे वेळ बघून येत नाहीत.

संध्याकाळी मी काकींच्या मागे मागे स्वयंपाकघरात होते. खोबरं खवता खवता त्या मला म्हणाल्या, "मोरी नको तर तोंडान सांगूचा ना. रस्सो खाल्ल्यान नि तुकडे बाजूक काढल्यान. माज्या हातचा काय बिघाडला, ह्योच इचार करीत ऱ्हवलंय." मला फार वाईट वाटलं. आम्ही खोलीत बसून जगाची काळजी करतो. इथे या बाईला आपल्या मिठामसाल्याची काळजी लागून राहिली होती. मी सांगितलं की तुमच्या हाताचं काही बिघडलेलं नाही. त्या म्हणाल्या, "ता आता कळला गो. बापाशीक पण कळतला. तेका जरा येळ लागता."

चौथा दिवस निघायचा. दुपारची गाडी होती, आणि सकाळी पुन्हा रापण. सायली आमच्या आधी उठून गेली होती. आम्ही पोचलो तर ती दोराला, काकांच्या मागे दोन माणसं सोडून. आम्हीही धरला दोर.

या वेळी जाळं गुडघाभर पाण्यात आलं, तशी सायली दोर सोडून पुढे गेली. आत मोरीची पिल्लं वळवळताना दिसत होती. ती मोठ्याने म्हणाली, "बाबा, माजो वाटो माका आताच व्हयो. हयसरच, पाण्यात."

सगळे थबकले. रापणीत सगळ्यांदेखत वाटे पडल्याशिवाय कोणी माशाला हात लावत नाही. कुणाच्या मनात कुणाबद्दल किंतू येऊ नये म्हणून हा नियम, आणि सगळी रापण त्याच विश्वासावर चालते. तात्यांनी तेच ऐकवलं. "वाटे घालूच्या आदी कोण हात लावणा नाय. तुका म्हायत नाय काय?"

"म्हायत आसा," सायली म्हणाली. पण ती जागची हलली नाही.

काका जाळं धरून उभे. ते आता हिला सगळ्यांसमोर झापणार, आणि मग ही कधी घरी यायची नाही, असं मला वाटून गेलं. काकांनी लेकीकडे पाहिलंच नाही. तात्यांना म्हणाले, "तिचो वाटो माज्यातसून कापा." आणि मग तिला, जाळ्याची कड खाली दाबून धरत, "बेगीन घे. नायतर मरतली."

तिने ओंजळीने एकेक पिल्लू उचलून जाळ्याबाहेर सोडलं. पहिलं पाण्यात टेकताच सुळकन गेलं. एक उलटं होऊन तरंगलं, ते काही जगलं नाही. तात्या "काय ता शिक्षण" असं पुटपुटले, पण थांबले. बाकीच्यांपैकी कोणी हसलं, कोणी नाही. मग नेहमीसारखे वाटे पडले आणि काकांचा ढीग सगळ्यांपेक्षा लहान होता. काकींनी दुपारी त्यातल्याच तारल्या तळल्या. जेवताना काका बोलत नाहीत हे मी सांगितलंय. त्या दिवशीही बोलले नाहीत. आम्हाला स्टँडवर सोडायला मात्र आले, आणि गाडी हलेपर्यंत सायलीच्या खिडकीखाली उभे होते.

परत येऊन आता महिना होत आला. तळहाताचे फोड गेले. मृण्मयी थोडी निवळली आहे. आता कोणी काही करताना दिसलं की धावत सुटण्याआधी विचारते तरी. मी अजून मासे खात नाही आणि वेफर्स खाते, चोरून. सोलकढी इथे चार ठिकाणी पिऊन पाहिली, ती चव नाही.

मनात राहिलेली खरी गोष्ट परवाची आहे. सायलीच्या आईचा फोन आला होता. हिचे हात साबणाचे, म्हणून फोन स्पीकरवर. काकी तक्रारच करत होत्या. "तुजो बापूस आता दर रापणीक दोन-चार पिल्लां सोडता. आपल्या वाट्यातली. लोक हसतत. तात्यान काल इचारल्यान, चेडू थंय कोल्हापुरात, मगे ह्यो वाटो कोणाचो?"

"मग?" सायलीने विचारलं.

"तर म्हणता, तिचोच. चेडू हयसर नाय, म्हणान मी नेऊन देतंय."