चहावरचा हिमालय

चहावर साय धरलेली दिसली की मला पूनम सागर वसाहतीजवळच्या बुद्धविहारातला रविवारचा अभ्यासवर्ग आठवतो. कॉलेजात असताना मी तिथे मराठी शाळेतल्या मुलांना भूगोल शिकवायचे. माझी शाळा इंग्रजी, त्यात स्वभाव बुजरा. खंड कसे सरकतात हे सांगताना शब्दच सुचेनात, म्हणून एकदा मी अर्ध्यावरच ‘सॉरी’ म्हणून घरी निघून आले. पुढच्या रविवारी मात्र ठरवून गेले, पातेलंभर दूध घेऊन. सायीचे तुकडे सरकवून खंड कसे सरकतात ते दाखवायचं होतं. विहारातल्या काकूंकडे ते तापवायला दिलं, पण कशासाठी ते बोललेच नाही. विहारात दूध आलं म्हणजे सगळ्यांना चहा, ही तिथली रीत; काकूंनी साखर, पावडर टाकून तो उकळलासुद्धा. पोरं खिदळली. पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली, “ताई, आज पण सॉरी का?” “नाही,” मी म्हणाले, “काकू, पातेलं इकडे आणा.” चहावर साय धरेपर्यंत थांबलो. मग ती चमच्याने मधोमध कापली. “हा भारत, हा उरलेला आशिया. खालच्या उष्णतेने जमिनीचे असे तुकडे सरकतात.” दोन्ही तुकडे एकमेकांवर ढकलले, तशी मध्ये सुरकुती उठली. “हिमालय!” तीच मुलगी ओरडली. “म्हणजे आपण अजून सरकतोय?” “हो. नखं वाढतात तितक्या हळू.” काकू म्हणाल्या, “सरका बाई, पण चहा निवतोय!” चार लोकांत बोलताना मी आजही अडखळते. वाक्य हळूहळू पुढे सरकतं, पण आता अर्ध्यावर सोडून मी घरी येत नाही.