साठ्यांच्या गॅरेजमधले थर

लीड्समधली मराठी माणसं अवधूत साठ्यांना सहसा कुठे बोलावत नसत. बोलावलं की ते येत, हीच अडचण होती. बारसं असो, सत्यनारायण असो, कोणाला पासपोर्ट मिळाल्याचं जेवण असो, श्रीखंडाची वाटी हातात पडेपर्यंत ते गप्प असत. मग कोपऱ्यात अडकलेला एखादा माणूस हेरून त्याला विल्यम स्मिथ सांगायला लागत.

हा स्मिथ लोहाराचा मुलगा. जन्म १७६९, ऑक्सफर्डशरमधलं एक खेडं, शिक्षण गावच्या शाळेपुरतं. पुढे कालवे खणायचे म्हणून जमीन मोजत हिंडला. खणलेल्या जमिनीच्या कडा बघता बघता त्याला दिसलं की खालचे थर एकावर एक ठरलेल्या क्रमाने बसलेत आणि प्रत्येक थरात त्याचे स्वतःचे शंखशिंपले दगड होऊन पडलेत. शिंपला ओळखला की थर ओळखता येतो, मग तो थर शंभर मैलांवर कुठेही जमिनीतून डोकं वर काढो. एवढ्या एका गोष्टीवर त्याने जवळजवळ एकट्याने इंग्लंड-वेल्सचा नकाशा केला. १८१५ साली तो छापला. लंडनमध्ये जिऑलॉजिकल सोसायटी काढून बसलेल्या सभ्य गृहस्थांनी या लोहाराच्या पोराला आत घेतलं नाही. त्यांनी स्वतःचा नकाशा काढला आणि स्वस्तात विकला. स्मिथने आपले जीवाश्म ब्रिटिश म्युझियमला विकले, तरी कर्जापायी तुरुंगात गेलाच. म्हातारपणी त्याच सोसायटीने त्याला पदक दिलं.

इथपर्यंत आले की साठ्ये थांबत आणि ऐकणाऱ्याकडे अशा नजरेने पाहत की जणू ते पदक इतकी वर्षं त्यानेच खिशात दाबून ठेवलं होतं.

साठ्यांवर लंडनच्या गृहस्थांनी काय अन्याय केला होता? काहीही नाही. लीड्सच्याच हेअरहिल्स भागातल्या एका औषधांच्या दुकानात ते फार्मसिस्ट होते. पेन्शन बरी, मॉर्गेज केव्हाच फिटलेलं. दगड गोळा करणाऱ्या एका हौशी इंग्लिश ग्रुपात ते कैक वर्षं होते आणि त्या ग्रुपने त्यांना सहलीच्या दिवशी गाड्यांचं पार्किंग बघायला ठेवलं होतं. अध्यक्ष कधी केलं नाही. साठ्यांच्या हिशोबात हे आणि कर्जाचा तुरुंग एकाच तोलाचं.

त्यांचं खरं आयुष्य गॅरेजमध्ये होतं. दुकान बंद झालं तेव्हा तिथलं जुनं लाकडी खणांचं कपाट त्यांनी घरी आणलं आणि गाडी कायमची पावसात लावली. सगळ्यांत खालच्या खणात सगळ्यांत जुने दगड, वरच्या खणात नवे, स्मिथच्या क्रमाने. प्रत्येक दगडाच्या पोटाला चिकटवलेलं लेबल, औषधाच्या बाटलीवर असतं तसंच, त्याच मशीनवर छापलेलं. आधी ज्यावर 'दिवसातून दोनदा, जेवणानंतर' उमटायचं, तिथे आता जीवाचं नाव, थर आणि जागा. लेबल गेलं तर दगड मेला, असं ते म्हणत. कोणत्या थरातला हे माहीत नसलेला जीवाश्म आणि बागेतला गोटा यांत त्यांच्या लेखी फरक नव्हता.

बायको सुलक्षणा. तिचा देव्हारा बॉयलरच्या कपाटात, आणि त्यात तिच्या माहेरचा शाळिग्राम. साठ्ये त्याकडे पाहून नाकाने हसत. ती गेली तेव्हा त्यांनी त्या शाळिग्रामावरचं वाळलेलं चंदन जुन्या टूथब्रशने घासून काढलं आणि तो कपाटाच्या एका वेगळ्या खणात ठेवला. लेबल: 'अमोनाइट. ज्युरासिक. गंडकी नदी, नेपाळ. थर अज्ञात.' बायकोच्या देवाला नमुना केलं, आणि हा त्यांच्या मते सन्मान होता.

मग तनूचा फोन आला. तनू म्हणजे त्यांची मुलगी, लीड्समध्येच जन्मलेली, आता दूर दक्षिणेत ब्रॅकनेलला एका सॉफ्टवेअर कंपनीत.

"बाबा, तू इकडे ये आता. आय कान्ट ड्राइव्ह अप एव्हरी वीकेंड. तुझा रूम रेडी आहे."

"आणि कपाट?"

"कपाट नाही. दगड माझ्या घरात नाही येणार."

"मग त्यांचं काय करू?"

"आय डोन्ट नो, बाबा. बीचवर परत ठेव."

साठ्यांनी फोन ठेवला. घर विकायला निघालं, एजंट येऊन खोल्या मोजून गेला, आणि गॅरेजला त्याने 'पोटेन्शियल' म्हटलं. साठ्यांना आता एकच गोष्ट हवी होती: कपाट आहे तसं, क्रमाने, लेबलांसकट कोणीतरी सांभाळावं. माणसाने एवढीच इच्छा धरली तरी जग त्याची कशी थट्टा करतं हे स्मिथच्या चरित्रात लिहिलेलं होतं, पण साठ्ये ते दुसऱ्यांना ऐकवण्यासाठी वाचत.

जवळच्या एका म्युझियममधली मुलगी येऊन बघून गेली. तिने चहा घेतला, लेबलांचं कौतुक केलं. "ब्यूटिफुल लेबल्स," ती म्हणाली. मग म्हणाली की यातल्या जवळजवळ सगळ्या जातींची खोकी त्यांच्या तळघरात आहेत आणि तीच कोणी उघडत नाही. हौशी ग्रुपने ईमेलला उत्तर दिलं, त्यात पुढच्या सहलीच्या पार्किंगबद्दल विचारलं होतं.

तेव्हा साठ्ये लीड्सच्या मराठी मंडळाकडे वळले. ज्या मंडळाला ते 'बटाटावडा संप्रदाय' म्हणत, त्याच मंडळाच्या सेक्रेटरीला त्यांनी आपण होऊन फोन केला. सेक्रेटरी अनुप, पुण्याचा, बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये. मंडळाच्या कार्यक्रमात मुलांचं नाटक आणि जेवण यांच्या मधली जागा त्याने भाषणाला दिली.

"काका, ट्वेंटी मिनिट्स. मॅक्स. जेवण गरम आहे, लोक ऐकणार नाहीत."

शाळेच्या हॉलमध्ये मुलांच्या मिशा पुसल्या जात होत्या आणि मागून पावभाजीचा वास येत होता. साठ्ये उभे राहिले. मदत मागायला आलेल्या माणसाने जे बोलू नये ते त्यांनी पहिल्याच वाक्यात बोलून टाकलं.

"तुमच्या देव्हाऱ्यात जो शाळिग्राम आहे तो देव नाही. माकूळ खाता ना? त्याचा चुलता आहे. मेलेला. तुम्ही रोज सकाळी आंघोळ करून एका मेलेल्या माकुळाला तुळस वाहता."

हॉल गप्प झाला. पुढच्या रांगेतल्या एका आजींनी कानातलं मशीन काढून तपासलं. साठ्ये खूश झाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना शांतता मिळाली होती आणि ती त्यांनी विल्यम स्मिथवर खर्च केली. शिंपला तोच तर काळ तोच, हा नियम. गंडकीच्या पात्रात जे काळे गोटे सापडतात ते अमोनाइट, म्हणजे वेटोळ्या शिंपल्यातले, केव्हाच नामशेष झालेले समुद्री जीव, आणि इथून दोन तासांवर व्हिटबीच्या किनाऱ्यावर समुद्र जे टाकतो तेही अमोनाइट. एकच कुळ, एकच ज्युरासिक काळ. आपल्या गॅरेजमध्ये असे कितीतरी अखंड नमुने आहेत आणि घर सोडताना ते कोणाच्या तरी हवाली करायचेत, हेही त्यांनी सांगितलं.

शेवटी एक हात वर झाला. वैभवी, नागपूरची, हिशेबाच्या फर्ममध्ये नोकरीला, नवीनच आलेली.

"काका, म्हणजे तेच हे?"

"तेच."

"व्हिटबीला वाळूत पडलेत ते?"

"तेच. कड्याला हातोडा लावायचा नाही, खाली पडलेला उचलायला हरकत नाही."

"म्हणजे फुकट?"

साठ्ये हो म्हणाले. प्रश्न आला याचाच त्यांना आनंद झाला होता, त्यामुळे प्रश्न काय आहे हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

पुढच्या रविवारी मंडळाच्या गाड्या व्हिटबीला गेल्या. भरती-ओहोटीच्या वेळा कोणीतरी ग्रुपवर टाकल्या, कोणी पोह्यांचे डबे नेले, आणि ज्या किनाऱ्यावर एकेकाळी लोक अमोनाइटवर सापाचं डोकं कोरून विकायचे तिथे पफर जॅकेट घातलेली पुण्या-नागपूरची माणसं वाकून वाकून देव शोधू लागली. साठ्यांनी देवाला दगड ठरवलं होतं. मंडळाने तोच नियम उलटा धरून अख्खा किनारा देव ठरवला. आणि नियमात काही चूक नव्हती.

अनुपने फोन केला. "काका, काय टॉक झाला. आई नेपाळहून मागवणार होती, तिथे म्हणे डुप्लिकेट निघतात. इथे ओरिजिनल."

"अरे, गाढवा, व्हिटबीचा जुना आहे. दोघांत तीन कोटी वर्षांचा फरक आहे."

"आपल्या कल्पात तीन कोटी म्हणजे राउंडिंग एरर, काका. आणि जुना म्हणजे चांगलाच की."

साठ्यांनी शिव्या दिल्या. पण किनाऱ्यावर जे मिळत होतं ते बहुतेक तुटकं होतं, आणि अखंड नमुने कोणाकडे आहेत हे त्यांनी स्वतःच भर सभेत सांगितलं होतं. शनिवारी सकाळी दारात वैभवी उभी. हातात स्टीलचा डबा, डब्यात तांदूळ.

"काका, एक अखंड हवा होता."

"हे देवाचं दुकान नाही."

"तुम्ही घर सोडताय ना? ड्राइव्हवर स्किप आलाय." घरासमोर ठेवलेला तो कचऱ्याचा मोठा लोखंडी डबा तिने येतानाच पाहिला होता. "त्यात टाकणार का मग?"

साठ्यांनी गॅरेजचं दार उघडलं. ती खण उघडत गेली. सुलक्षणाच्या शाळिग्रामाशी थांबली. लेबल वाचलं, दगड परत ठेवला.

"काकूंचा?"

"हो."

"याला किती दिवस पाणी नाही?"

"दगडाला पाणी लागत नाही."

नागपूरची माणसं गप्प बसली की फार ऐकू येतं. साठ्यांनी खण बंद केला आणि दुसरा उघडून एक काळाभोर, पूर्ण वेटोळ्याचा अमोनाइट काढला. तो तिच्या हातात देताना त्यांचा हात सुटेना. चाळीस वर्षांच्या सवयीने तोंडून निघालं ते फार्मसिस्टचं वाक्य होतं.

"घेण्याआधी लेबल वाचायचं. रोज. मोठ्याने. नाव, थर, जागा. मग त्यावर तुळस वाहा नाहीतर केचप ओता, मला कर्तव्य नाही. लेबल काढलंत तर दगड परत."

"म्हणजे संकल्पासारखं," वैभवी म्हणाली.

"काय?"

"पूजेआधी सांगतो ना, कोणता कल्प, कोणतं मन्वंतर, कोणत्या नदीच्या तीरावर. आमचे गुरुजी ऑनलाइन आहेत, तिकडून सांगतात गोदावरीच्या उत्तर तीरावर, आणि आम्ही इथे लीड्सच्या एअर नदीच्या काठी हो म्हणतो. हे तरी खरं आहे."

स्मिथच्या नियमाचा इतका सरळ स्वीकार साठ्यांनी कधी पाहिला नव्हता आणि तो इतका चुकीच्या ठिकाणी व्हावा याचा त्यांना भयंकर राग आला. त्यांनी दगड दिला.

मग रांग लागली. अट सगळ्यांनी मान्य केली. पूजेआधी काहीही वाचायला मराठी माणूस तयार असतो, अर्थ विचारत नाही. गोल ते सगळे गेले. पाठीवर पाच पाकळ्या असलेले समुद्री अर्चिन, म्हणजे दगड झालेले काटेरी गोल जीव, तेही गेले. स्मिथच्या लहानपणी त्याच्या भागातल्या गवळणी असल्याच दगडांनी लोणी तोलायच्या, ही गोष्ट साठ्ये अडाणीपणाचा नमुना म्हणून सांगत. आता सांगितली नाही. वाकडा, जाड, नखासारखा शिंपला कोणी घेईना. "याला काय म्हणतात?" असं अनुपने विचारलं. खोटं बोलले असते तर तोही एखाद्या देव्हाऱ्यात गेला असता. पण साठ्ये सत्यनिष्ठ. "इथले लोक सैतानाचं नख म्हणतात," ते म्हणाले, आणि अनुपने तो दोन बोटांनी परत ठेवला.

शिंपले, प्रवाळ, दगडातली पानं, सगळं स्किपमध्ये गेलं. कपाट लंडनकडच्या इल्फर्डमधल्या एका जोडप्याने ऑनलाइन घेतलं, ज्यांना 'व्हिंटेज' हवं होतं. ज्या क्रमासाठी साठ्यांनी घरातल्या माणसांना आयुष्यभर बाजूला ठेवलं तो क्रम एका आठवड्यात मोडला. उरली ती लेबलं, वेगवेगळ्या घरांत, कुंकवाने लाल झालेली.

आता ब्रॅकनेलला तनूच्या घरून साठ्ये रविवारी सकाळी लीड्सला व्हिडिओ कॉल करतात. अट पाळली जाते की नाही हे बघायला, असं ते म्हणतात. लीड्समधली घरं एकामागून एक फोन देव्हाऱ्यासमोर धरतात आणि वाचतात. हिल्डोसेरास बायफ्रॉन्स, अप्पर लायस, सॉल्टविक बे. उच्चार भीषण. साठ्ये दुरुस्त करतात आणि लोक हात जोडून पुन्हा म्हणतात. ज्या विद्येने थर मोजले तिचं आता स्तोत्र झालंय, आणि ते तिच्या शेवटच्या पुजाऱ्याला पाठ आहे.

मागच्या रविवारी वाचून झाल्यावर वैभवी थांबली.

"काका, काकूंचा तुमच्याकडेच आहे ना? त्याचं तुम्ही वाचता?"

"त्याला थर नाही. वाचण्यासारखं काही नाही."

"मग?"

"मग काय? धुतो. धूळ बसते."

"रोज?"

"ब्रॅकनेलला धूळ फार," साठ्ये म्हणाले आणि कॉल बंद केला.

तनू शेजारी टोस्टला बटर लावत होती. "बाबा, इकडे कुठे धूळ आहे? इट्स ऑलवेज रेनिंग."

साठ्ये मुठीत काहीतरी धरून सिंककडे निघाले होते.