आत्याचं झबलं

माझ्या आजीला आम्ही मोठी माय म्हणायचो. तिच्याबद्दल मी आयुष्यात दोनदा जाहीर भाषण केलं. पहिलं केलं तेव्हा मला खरं काय ते ठाऊक नव्हतं. दुसरं केलं तेव्हा ठाऊक होतं. आता माझं वय मोठ्या मायच्या तेव्हाच्या वयापेक्षा कितीतरी जास्त आहे, आणि हे अजून मी कुणाला सांगितलेलं नाही.

आमचं गाव शहाद्याकडचं, तापीच्या काठचं. आजोबांना सगळं गाव आबा म्हणे. असहकाराच्या दिवसांत आबांनी गावच्या चौकात विलायती कपड्यांची होळी केली होती, पुढे दोनदा तुरुंगातही जाऊन आले. त्या होळीची एक गोष्ट आमच्या भागात सगळ्यांना माहीत होती. आबा आणि मोठ्या मायची एक मुलगी, म्हणजे माझी आत्या, मानमोडीच्या, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या साथीत गेली. दोन वर्षांची होती. तिचं एक झबलं मागे राहिलं होतं, नंदुरबारच्या बाजारातून आणलेल्या लाल फुलांच्या विलायती छिटाचं. होळी पेटली तेव्हा मोठी माय स्वतः चौकात आली आणि तिने ते झबलं आपल्या हाताने आगीत टाकलं, अशी ती गोष्ट. ते पाहून बायकांनी घरोघरच्या पेट्या उघडल्या म्हणे.

स्वातंत्र्य मिळालं त्या वर्षी मी बारा वर्षांची होते. शाळेत झेंडावंदन होतं आणि गुरुजींनी मला भाषण लिहून दिलं. गुरुजी पुण्याकडचे. आम्ही घरी अहिराणी बोलायचो, पण पुस्तकातली मराठी माझ्या तोंडात चांगली बसली होती, म्हणून त्यांनी मलाच निवडलं. भाषणात मोठी माय आगीसमोर उभी राहून म्हणते, "माझ्या लाडक्या लेकीची ही अखेरची आठवण मी देशमातेच्या चरणी अर्पण करते!" हे वाक्य गुरुजींचं. मी ते हात पुढे करून म्हटलं, जणू हातात झबलं आहे.

बायका पदराने डोळे पुसत होत्या. मग गुरुजींनी मोठ्या मायला पुढे बोलावलं. ती उठेना. दोघींनी तिला धरून ओट्यावर आणलं, गळ्यात हार घातला. ती खाली बघत उभी राहिली. मला वाटलं, लाजली.

तीन-चार दिवसांनी मी तिची भाकर घेऊन वावरात गेले. मिरचीत निंदणी चालली होती. बाकीच्या बायका पुढे गेल्या होत्या, ती मागे एकटीच बसून विळ्याने गवत काढत होती. मी भाकर बांधावर ठेवली, तशी ती मान वर न करता म्हणाली, "माले अशी भाषा येस का व पोरी?"

मी हसले. म्हटलं, ते गुरुजींनी लिहिलं.

"ते झबलं मी दिन्हं नई," ती म्हणाली. "तुन्हा आबानी पेटीमातून काढी लिन्हं. मी वावरमा व्हती."

विळा थांबला नाही. तिने जे सांगितलं ते तुकड्यातुकड्याने सांगितलं. त्या दिवशी आबा लोकांकडे कपडे मागत फिरत होते, तेव्हा कुणीतरी विचारलं, तुमच्या घरचं काय? आमच्या घरात तसं विलायती काहीच नव्हतं, त्या झबल्याशिवाय. आबा घरी आले, पेटी उघडली आणि घेऊन गेले. चौकात म्हणाले, माझ्या बायकोने दिलंय. पुढे सांगता सांगता ती स्वतःच चौकात आली होती असं झालं. संध्याकाळी मोठी माय वावरातून परतली तेव्हा वेशीपाशीच बायका तिच्या पाया पडू लागल्या. का पडतात ते तिला कळेना. कळलं तेव्हा ती डोक्यावरचा भारा तिथेच टाकून चौकात गेली. राख अजून कढत होती. तिने काडीने उकरून पाहिलं. काही उरलं नव्हतं.

"मंग तू कोनले सांगं का बरं नई?" मी विचारलं.

"कोनले सांगू? समदा गाव माले हात जोडी ऱ्हायना व्हता."

मग तिने बांधावर येऊन भाकर खाल्ली. मला म्हणाली, बरं बोललीस, आवाज चांगला आहे तुझा. एवढंच. पुन्हा बोलू नकोस असं ती म्हणाली नाही. ते मी माझं मला समजायला हवं होतं.

त्या हिवाळ्यात दिल्लीहून ती बातमी आली. प्रार्थनेला निघालेल्या म्हाताऱ्यावर कुणी गोळ्या झाडल्या होत्या. आबा दोन दिवस जेवले नाहीत. काही दिवसांनी नंदुरबारला मोठी शोकसभा ठरली. आबांना बोलावणं होतं, आणि गुरुजींनी निरोप पाठवला, नातीलाही आणा, तिचं ते भाषण होऊ द्या.

मी नाही म्हणू शकले असते. ताप आलाय म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण मला नवा खादीचा परकर शिवला होता, आणि गावात सगळ्यांना कळलं होतं की मी नंदुरबारला बोलणार. मी मनाशी ठरवलं, झबल्याचा भाग गाळायचा. मोठ्या मायने वाटेसाठी दशम्या बांधून दिल्या. तू येत नाहीस का, असं तिला कुणी विचारलं नाही.

आदल्या दिवशी बैलगाडीने निघालो. तापीला पाणी कमी होतं, गाडी पाण्यातूनच पलीकडे गेली. नंदुरबारच्या वेशीबाहेर मिरच्या वाळत पसरल्या होत्या, त्यांच्या तिखट वासाने शिंका थांबेनात. मैदानावर एवढी माणसं होती की शेवटची रांग दिसत नव्हती. मी बोलायला उभी राहिले. सुरुवात ठीक झाली. झबल्याचा भाग जवळ आला आणि समोर बसलेल्या एका बाईने मांडीवरचं मूल पोटाशी ओढून घेतलं. तिला गोष्ट आधीच माहीत होती. ती वाट बघत होती. आणि माझे हात आपोआप पुढे गेले.

आपोआप, हे खोटं आहे. मी ते पुढे केले. मोठ्या मायचा कढत राखेत काडीने उकरणारा हात त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढे होता, तरीही मी ते वाक्य अखेरपर्यंत म्हटलं, मागच्या वेळेपेक्षा हळू, कारण हळू म्हटलं की लोक जास्त रडतात हे मला आता कळलं होतं. सभा रडली. मला आनंद झाला. लाज नंतर आली, आनंद आधी झाला.

व्यासपीठावर आबा माझ्यामागेच बसले होते. परतीच्या वाटेवर गाडी तेच हाकत होते. नदी ओलांडून गाडी वर चढली तेव्हा त्यांनी विचारलं, "तुले तिनी सांगं नई का?"

"सांगं," मी म्हटलं.

"मंग बी बोलनी?"

आबांनी कासरा ढिला सोडला. बैल आपल्या चालीने चालत राहिले.

"मंग मन्हासारखीच निंघनी तू," ते म्हणाले.

रागाने म्हणाले असते तर मी रडले असते आणि मोकळी झाले असते. पण त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू आम्ही दोघांनी मिळून काही केलं आहे आणि आता ते दोघांनाच सांभाळायचं आहे.

घरी पोचलो तेव्हा मोठी माय अंगणात मठ, म्हणजे मटकी, निवडत होती. सभेचं तिने काही विचारलं नाही. "जेवनात का?" एवढंच म्हणाली, आणि ताट वाढायला उठली. आबा ओसरीवर थांबले. काहीतरी बोलायचं असावं तसे थांबले, मग पाय धुवायला मागे गेले. मीही मागे गेले.

त्या उन्हाळ्याच्या शेवटी मोठी माय गेली. माफी मागायची राहून गेली असं मी म्हणणार नाही. मला तिच्याबरोबर अख्खा उन्हाळा मिळाला होता. मी रोज तिच्या हातचं जेवत होते.

पुष्कळ वर्षांनी घराण्याची माहिती लिहून काढावी असं मनात आलं, तेव्हा मी वडिलांना आत्याचं नाव विचारलं. ती गेली तेव्हा वडील तीन-चार वर्षांचे होते. त्यांनी खूप आठवून पाहिलं. घरात तिला नुसतं बाई म्हणत, खरं नाव काही आठवत नाही, म्हणाले. शहाद्याला जाऊन जुनी दप्तरं पाहिली, त्यांतही सापडलं नाही. आबा तोवर नव्हते. जिला ते नक्की ठाऊक होतं तिच्याशेजारी, मिरचीच्या त्या वावरात, मी बारा वर्षांची असताना उभी होते, आणि आत्याचं नाव काय होतं हे विचारायचं मला सुचलं नव्हतं.