खोकणारे फादर

माझी अक्का, म्हणजे थोरली बहीण, माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. आमचं माहेर नगरकडचं, तीन पिढ्यांचं कॅथलिक घर. रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, आमच्याकडं कुणी चुकवत नसे, तापानं फणफणलेलं माणूससुद्धा शाल गुंडाळून जायचं. मालक गेल्यावर मी सोलापुरात मुलाकडं राहायला आले, त्याला पाच वर्षं झाली. अक्का दर रविवारी दुपारी फोन करते आणि आधी विचारते, "मिस्सा झाली का?"

आल्या आल्या पहिल्या रविवारी मुलगा म्हणाला, चर्च शोधतो, पुढच्या रविवारी नेतो. पुढच्या रविवारी माझा गुडघा धरला होता. नंतर त्याच्या लक्षात राहिलं नाही आणि मीही आठवण केली नाही. सून बिचारी दुसऱ्या धर्मातली, तरी दोनदा म्हणाली, आई, मी येते सोबत, विचारत विचारत जाऊ. मीच ऊन फार म्हटलं. खरं सांगायचं तर रविवारी सकाळी अंग टाकून पडायची गोडी लागली होती. पण अक्काला हे कसं सांगायचं? मी म्हणाले, झाली की.

एवढ्यावर थांबले असते तरी ठीक होतं. पण माझं तोंड कुठलं थांबतंय! ती विचारायची, फादर कसे आहेत. मी एक फादर तयार केले. ठेंगणे, वयस्कर, बोलणं गोड, पण प्रवचनात सारखे खोकतात. खोकला मी का घातला देव जाणे. नुसतं चांगलं सांगितलं तर खोटं वाटेल, असं वाटलं असावं. मग दर फोनवर अक्का त्यांच्या खोकल्याची चौकशी करायची आणि मी सांगायची, या आठवड्यात जरा कमी आहे.

यंदा अक्का चार दिवस राहायला आली. वय ऐंशीला टेकलेलं. पिशवीतून तिनं कागदाची पुडी काढली, ज्येष्ठमध होता. म्हणाली, "तुझ्या फादरांना. रविवारी मिस्सा झाली की देऊ आणि दुपारच्या एसटीनं मी निघते."

 शनिवारी मुलाला चर्चचं विचारावं तर अक्का समोरच बसलेली. तेव्हाही सांगता आलं असतं. नाही सांगितलं.

रविवारी सकाळी कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्याला मी मोठ्या ऐटीत म्हणाले, चर्च. तो म्हणाला, "बैठो अम्मा, मालूम है." मला वाटलं, देवानंच सोडवलं. रिक्षा एका जुन्या दगडी चर्चपाशी थांबली. माणसं आत जात होती, मीही अक्काचा हात धरून रोजची असल्यासारखी चालू लागले.

दाराशी अक्कानं न बघताच उजवीकडच्या भिंतीवर हात नेला. आमच्या चर्चांत तिथं पवित्र पाण्याची वाटी असते, बोटं बुडवून क्रुसाची खूण करायची आणि आत जायचं. लहानपणी माझा हात पोचायचा नाही, तर अक्का आपली ओली बोटं माझ्या बोटांना लावायची. पुढं हात पोचायला लागला तरी तिनं ती सवय सोडली नाही. आता तिचा हात कोरड्या भिंतीवर चाचपडत राहिला. तिनं माझ्याकडं पाहिलं.

मी म्हणाले, "रंगकाम काढलंय ना, म्हणून काढून ठेवलीय."

भिंतीला तर कुठं रंगाचा थेंब नव्हता. आत मारियाबाईंची, येशूच्या आईची, मूर्ती नाही, गुडघे टेकायला फळ्या नाहीत. ते प्रॉटेस्टंट लोकांचं चर्च होतं, त्यांच्यात आमच्यासारखी मिस्सा नसते. लोक फार चांगले. आम्हाला पुढं बसवलं, गीतांचं पुस्तक हातात दिलं. अक्कानं काढलेली जपमाळ परत पिशवीत ठेवली आणि भक्ती संपेपर्यंत हात जोडून बसली.  बाहेर येताना मला नाही, शेजारच्या बाईला तिनं हळूच विचारलं, इथं कॅथलिक चर्च कुठं आहे?

त्या बाईंनी लगेच पत्ता सांगितला. भाजी मंडईला लागून जी शाळा आहे, तिच्या आवारात. मी कानकोंडी झाले. त्या शाळेच्या भिंतीला टेकून मी पाच वर्षं मेथीच्या जुड्या निवडत होते.

परत रिक्षात बसलो.  अक्का म्हणाली, "मग खोकला कुणाला होता गं?"

मला रडू आलं. तिनं समजूत घातली नाही.

शाळेच्या आवारात पोचलो तर मिस्सा केव्हाच संपली होती. एक उंच, तरुण फादर खुर्च्या लावत होते. आमच्याकडं बघून हसले आणि म्हणाले, "या आजी, पहिल्यांदाच आलात का?" अक्का म्हणाली, "हो, दोघीही." माझ्यामुळं तिची रविवारची मिस्सा चुकली होती, या वयात.

दाराशी पाण्याची वाटी होती. अक्कानं बोटं बुडवली, खूण केली आणि सरळ आत गेली. माझा हात पुढं झाला होता, तो तसाच राहिला. मग मी माझी बोटं स्वतःच बुडवली.

पुडी ती माझ्या ओट्यावर ठेवून गेली. अजून तिथंच आहे, मला फेकवत नाही.

आता मी दर रविवारी जाते. त्या तरुण फादरांपाशी पापांची कबुली दिली, तेव्हा खोकल्याचंही सांगितलं. ते हसले नाहीत, याचं मला बरं वाटलं. अक्काचा फोन अजून रविवारी दुपारीच येतो. गुडघ्याचं विचारते, नातवाचं विचारते. मिस्सा झाली का, हे विचारत नाही. मीच सांगते, आज कितव्या बाकावर बसले, वाचन कुठलं होतं, शेजारी कोण होतं.

ती म्हणते, "बरं."