बाळूदादाचं ‘बरंय’

आमचा बाळूदादा बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत असा रोखून बघायचा की नवखा माणूस चुळबुळायला लागे. "पोलिसात आहे का हो हा?" असं एका पाहुण्याने विचारलंही होतं. माझा हा मावसभाऊ पालीला रोपवाटिकेत आंब्याची कलमं बांधायचा आणि तो ऑटिस्टिक होता. लहानपणी मावशीने त्याला मुंबईला नेऊन थेरपी दिली होती. डोळ्यांत बघितलं, हात मांडीवर ठेवले, की बिस्किटाचा तुकडा. "डोळ्यांत बघितलं ना, की मला ऐकायला येत नाय गो," तो सांगायचा, "पण लोकांना बरं वाटतं."

सगळ्याच थेरपीवर त्याचा राग नव्हता. "चित्रं दाखवून बोलायला शिकवलं, ते उपकारच. फडफडणारे हात धरून ठेवले, ते नको होतं." मावशीबद्दल मात्र शब्द काढू द्यायचा नाही. "ती तरी काय करणार? सगळे तसंच सांगत होते."

गणपतीत ज्या घरी जाई तिथे आग्रहाचा मोदक तो मुकाट खाई. "पोट आहे की कणगी?" म्हणून आम्ही चिडवायचो. एकदा म्हणाला, "नको म्हणायला जमतच नाय. थेरपीत नको म्हटलं की पुन्हा पहिल्यापासून करायला लावायचे."

माझी सई चार वर्षांची झाली आणि रत्नागिरीत तिचीही थेरपी सुरू झाली. आनंद झाला की, भीती वाटली की, ती दोन्ही हात फडफडवते. ते थांबल्याशिवाय बालवाडीत घेणार नाही, असं शाळेने सांगितलं होतं. बाळूदादा एकदा सोबत आला, थेरपीच्या बाई तिचे हात मांडीवर धरून ठेवत होत्या ते त्याने दाराशी बसून बघितलं आणि परतताना रिक्षात एवढंच बोलला, "शाळेचं तुझं तू बघ बाय. पण तिचे हात बांधू नको. दुखलंखुपलं तर कशाने सांगेल?"

त्याच वर्षी गणपतीत त्याचं अपेंडिक्स फुटलं. आदल्या दिवशी तो पंगतीत होता, वाढलेलं सगळं त्याने संपवलं होतं. चेहरा उतरलेला बघून मावशीने विचारलं, तर हात मांडीवर ठेवून, तिच्या डोळ्यांत बघून म्हणाला, "बरंय." दुसऱ्या दिवशी कोसळला तेव्हा फार उशीर झाला होता. मावशी अजून म्हणते, "माझा बाळू इतका शहाणा होता गो, मला कळलंच नाय." मला ते ऐकवत नाही.

सईच्या थेरपीत आता चित्रं आहेत, हात धरणं नाही. मी बाईंना तसं स्पष्ट सांगितलं. शाळा अजून मिळालेली नाही. परवा सकाळी ती पोट धरून किंचाळली, हात फडफडवून तिने घर डोक्यावर घेतलं. शेजारच्या काकू धावत आल्या, "अगो, गप्प कर तिला!" मी तिला उचलून रिक्षाकडे पळत सुटले. गप्प कशाला करू? तिला दुखत होतं, आणि ते मला कळलं होतं.