डावा कोपर करंजाचा

सकाळी दुकानाचं शटर अर्धं वर गेलं होतं, तेव्हा शोभाताईंच्या सुनेचा, प्रियाचा फोन आला. "मावशी, आई गेल्या." झोपेतच. चहा ठेवून उठवायला गेली, तर... मी शटर पुन्हा खाली ओढलं. आर्णीत आमची दुकानं शेजारी शेजारी, माझं औषधांचं आणि त्यांचं बांगड्यांचं. वीस वर्षांत मी असं दुकान बंद केल्याची ही दुसरी वेळ. पहिल्यांदा माझ्या लेकीच्या चुड्यासाठी केलं होतं, आणि चुडा भरायला येणार होत्या शोभाताईच.

त्यांना सोरायसिस होता. कोपरांवर, गुडघ्यांवर आणि नेमका हातांच्या पाठीवर; लालसर चट्टे, वर पांढरे खवले. हा आजार शिवल्यानं लागत नाही, हे मी काउंटरवरून कितीही वेळा सांगू शकते. पण बांगडी भरणारीला दुसरीचा हात हातात घ्यावा लागतो, आणि समोरची आपला हात मागे ओढते तेव्हा माझ्या माहितीचा काही उपयोग नसतो. गिऱ्हाईक गेल्यापेक्षा तो मागे गेलेला हात त्यांना लागायचा. हे त्यांनी मला एकदाच बोलून दाखवलं, नंतर कधी नाही.

उपाय मात्र दणक्यात चालायचे. कोणीतरी बिब्बा सांगितला, तर तोही चोळला. टरारून फोड आले, आठ दिवस हात बांधून बसल्या. "शेजारी औषधांचं दुकान आहे, ते दिसलं नाही का?" मी ओरडले. "दिसलं वो. पन बिब्बा घरातच होता." मग मी अट घातली. यवतमाळच्या त्वचेच्या डॉक्टरांना दाखवायचं, आणि जे लावायचं ते मला सांगून. ही अट त्यांनी भलतीच मनावर घेतली. डाव्या कोपराला खोबरेलात मिसळलेलं करंजाचं तेल, उजव्याला डॉक्टरांचं मलम, आणि दर सोमवारी दोन्ही कोपर माझ्या काउंटरवर! "सांग मेडिकलवाली, कोन पुढं हाये?" औषधं घ्यायला आलेली माणसंही मत द्यायची. एक आजोबा खोकल्याची बाटली खिशात घालत गंभीरपणे म्हणाले, "माह्यं मत डाव्याले." शोभाताईंना इतकं हसू आलं की बाकावर बसावं लागलं.

उजवाच जिंकला. करंजानं कातडी मऊ पडली, खाज कमी झाली; चट्टा ओसरला तो मलमानं. पुढे तपासणीत ड जीवनसत्त्व कमी निघालं, डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. त्यानं अंगदुखी थांबली, उरलेले चट्टे होते तिथेच. दुकानात कोणी विचारलं, तर त्या सरळ सांगायच्या, "गोळीनं पाय चालले, चट्टे नाई गेले. खोटं कायले सांगू? अन् मले चाललं थे तुले चालनच असं नाई, डॉक्टरले इचार." माझ्या धंद्यात इतकं प्रामाणिक बोलणारी माणसं मी फार पाहिली नाहीत.

लेकीचं लग्न ऐन थंडीतलं. थंडीत चट्टे हमखास परत येत. चुड्याच्या दिवशी शोभाताई आल्या, पाटावर बसल्या आणि पिशवीतून रबरी हातमोजे काढून घातले. दोन दिवसांपूर्वी 'भांडी घासाले' म्हणून माझ्याकडूनच नेलेले! मोजे घातलेल्या हातांनी बांगडी सरकेना. एक कटकन वाढली, दुसरीही वाढली. माझी नणंद हळूच म्हणाली, "दुसरी कोनी पाहायची का?" शोभाताई बांगड्यांची पेटी आवरायला लागल्या...

तेवढ्यात लेक म्हणाली, "मावशी, ते मोजे काढा बरं. लहानपणापासून तुम्हीच भरल्या, आज काहून परक्या झाल्या?"

शोभाताईंनी माझ्याकडे पाहिलं. "काढा," मी म्हटलं, "उशीर होऊन राह्यला."

त्यांनी मोजे काढले, तळव्यावर खोबरेल घेतलं आणि लेकीचा हात धरून त्यांचं नेहमीचं वाक्य म्हटलं, "हात ढिला सोड, पोरी." त्यानंतर एकही बांगडी वाढली नाही. दोन्ही हात भरून झाल्यावर नणंदेनं आपला हात पुढे केला, "मलेही भरा." शोभाताई म्हणाल्या, "तुम्हाले मोजे घालून भरू का?" नणंदेसकट सगळं घर हसलं.

ते मोजे त्यांनी दुकानात खिळ्याला टांगले. कोणी हात आखडला, की तिकडे बोट दाखवायच्या, "थे घालू?" बहुतेक बायका ओशाळून हसत आणि हात पुढे करत. नाही केला, तर त्या बांगड्या कागदात बांधून देत आणि मला चहाला हाक मारत.

शोभाताईंना जाऊन महिना झाला. आता दुकानात प्रिया बसते. परवा एक कॉलेजची मुलगी आली, बाह्या बोटांपर्यंत ओढलेल्या. "द्या बांधून, मी घरी भरीन," म्हणाली. बाही जराशी सरकली, आणि बाजूला चहाला बसलेल्या मलासुद्धा ते ओळखीचे खवले दिसले. प्रियाला तर दिसलेच असणार. तिनं तळव्यावर खोबरेल घेतलं आणि मुलीचा हात धरला.

"ते मोजे कायले टांगले?" मुलीनं घाबरून विचारलं.

"ते कामाचे नाहीत," प्रिया म्हणाली. "हात ढिला सोड, पोरी."